लेकरं घेऊन येणारं गिऱ्हाईक: मराठवाड्यातल्या दुकानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापड, किराणा, चप्पल-बूट, स्टेशनरी आणि खेळण्यांच्या दुकानांतून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. जूनमध्ये शाळा उघडताना, दिवाळीत आणि लग्नसराईत तर जास्तच. उत्तरं काउंटरवर उभं राहणाऱ्यासाठी लिहिली आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळेल, आणि तपशील दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय. सगळीकडे एकच गोष्ट धरून चाललोय: लेकरू सांभाळताना त्याच्या आई-बापाची चारचौघांत मान खाली जाऊ द्यायची नाही.

१. लेकरू घेऊन आलेल्या बाईला ताई म्हणावं, मावशी म्हणावं की मॅडम?

वयाचा अंदाज चुकणारच असेल तर कमी वयाकडे चुकू द्या. पस्तिशीपर्यंत ‘ताई’, पुढे ‘मावशी’ किंवा ‘काकू’, म्हातारीला ‘आजी’. पुरुषांना ‘दादा’, ‘भाऊ’, ‘मामा’, ‘काका’. दक्खनी बोलणाऱ्या मुस्लिम घरांतल्या माणसांना ‘आपा’, ‘खाला’, ‘चाचा’ ही हाक जवळची वाटते. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आणि उदगीर-निलंगा-उमरग्याकडे कन्नड बोलणारं गिऱ्हाईक येतं. अशा घरातलं शाळेत जाणारं लेकरूच बऱ्याचदा मराठीत बोलतं. ऐका लेकराचं, पण बघा आईकडे, आणि भाव कॅल्क्युलेटरवर तिलाच दाखवा. व्यवहार तिचा आहे. लेकराला ‘ए पोऱ्या’ म्हणू नका. नाव विचारा आणि नावानेच बोला, ते लगेच ऐकायला लागतं.

२. लेकरू मांडलेला माल ओढतंय. आधी त्याला बोलू की आईला?

जीवाला धोका असेल (काच, कूलर, वरून पडणारी वस्तू) तर काहीही न विचारता लेकराला बाजूला घ्या आणि मग सांगा. धोका नसेल तर आधी त्याच्या हातात दुसरं काहीतरी द्या: रिकामं खोकं, कापडाचा तुकडा, जुनी मोजपट्टी. हातातली वस्तू हिसकावली की रडारड होते. बदल्यात दुसरी दिली की ते आपोआप सोडतं.

आईशी बोलताना वाक्य मालाच्या काळजीचं नको, लेकराच्या काळजीचं असू द्या. “ताई, काचेचं आहे, बाळाच्या हाताला लागंल. इकडं गादीवर बसवू का?” यात तिला सोय दिसते. “लेकरू आवरा” म्हटलं की बाई खरेदी अर्ध्यात टाकून उठते, आणि दुकानात सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं हे पुढे वर्षभर गल्लीत सांगते. तिचं बरोबरच आहे.

३. लेकरांचा हात पोहोचणार नाही अशी मांडणी किती उंचीवर करायची?

पाच वर्षांचं लेकरू साधारण साडेतीन फूट उंच असतं आणि टाचा उचलून हात वर केला की साडेचार फुटांपर्यंत पोहोचतं. म्हणून काच, चिनी माती, अत्तराच्या बाटल्या, ब्लेड, कात्री, फिनाईल, उंदराचं औषध पाच फुटांच्या वर. पण जड माल वर चढवू नका. तेलाचे डबे, कुकर, पितळी भांडी तळाच्या फळीवरच. खालच्या दोन फळ्यांवर पडलं तरी फुटणार नाही असाच माल हवा.

रॅक भिंतीला अँगलने पक्का करा. लेकरं फळ्यांवर पाय देऊन शिडीसारखी चढतात, आणि सुटा रॅक अंगावर येतो. पुतळ्यांचे पाय लाकडी पाटाला स्क्रूने बसवा किंवा मागून तारेने बांधा. काचेच्या दारावर दोन-अडीच फुटांवर, म्हणजे लेकराच्या नजरेच्या रेषेत, रंगीत पट्टी चिकटवा. मोठ्यांसाठी लावलेलं स्टिकर लेकराला दिसत नाही, ते धावत येऊन आपटतं. काउंटरच्या उचलत्या फळीला कडेने रबराची पट्टी लावा. बोटं सगळ्यात जास्त तिथेच चेमटतात.

४. उन्हाळ्यात कूलर लावतो. त्याजवळ लेकरं जाऊ दिली तर चालेल का?

अजिबात नाही. मार्च ते जून हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा धोका आहे. लोखंडी पत्र्याच्या कूलरमध्ये वायर घासली किंवा पंपात पाणी शिरलं की पूर्ण पत्र्यात करंट उतरतो. खाली पाणी सांडलेलं असतं, लेकरू अनवाणी असतं, आणि गार हवेसाठी ते जाळीलाच गाल लावून उभं राहतं.

करायचं काय: तीन पिनांचाच प्लग, आणि तिसऱ्या पिनेला खरोखर अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून हंगामाआधी तपासून घ्या. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. करंट गळाला की तो सेकंदाच्या आत वीज तोडतो. त्यावरचं ‘टेस्ट’चं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. पाणी भरताना प्लग काढायचाच, स्विच बंद करून भागत नाही. कूलर खिडकीबाहेर ठेवता आला तर उत्तम, नाहीतर तीन बाजूंनी स्टुलं किंवा कापडाचे गठ्ठे लावून वाट अडवा. उभ्या पंख्याची जाळी लेकराचं बोट आत जाणार नाही इतकी बारीक हवी.

५. बस्त्याला पंचवीस माणसं आणि आठ-दहा लेकरं येतात. दोन-तीन तास कसं निभवायचं?

बस्ता म्हणजे दोन घरांचं देणंघेणं एका गादीवर बसून ठरतं. मोठ्यांचं लक्ष साडीच्या काठावर, कोणाला कोणता आहेर यावर आणि समोरच्या पक्षाच्या चेहऱ्यावर असतं. लेकरांकडे कोणाचंच नसतं. गाडी गावाहून सकाळी निघालेली असते आणि लेकरं उपाशी किंवा अर्धपोटी असतात. पहिला तास बरा जातो. दुसऱ्या तासाला रडारड सुरू होते आणि नेमकी तेव्हाच नवरीच्या शालूची निवड चाललेली असते.

म्हणून क्रम बदला. बसल्या बसल्या पाणी, आणि त्याच वेळी लेकरांचे कपडे आधी काढा. लेकरांची खरेदी वीस मिनिटांत होते, पिशवी त्यांच्या हातात पडते आणि ती पुढचा तासभर त्यातच गुंततात. आहेराच्या साड्या मधे, शालू आणि नवरदेवाचे कपडे शेवटी.

एक माणूस फक्त लेकरांसाठी मोकळा ठेवा आणि शक्यतो बाई असू द्या. गादीचा आतला, दारापासून लांबचा कोपरा त्यांना द्या. तिथे खडू-पाटी, रंगीत कागद, मोठ्या आकाराचे ठोकळे पुरतात. मोबाईलवर व्हिडिओ लावून दिला तर बंद करताना दुप्पट गोंधळ होतो. दाराशी एक जण कायम हवा, कारण बाहेर रस्ता आहे आणि लेकरं आपल्या गाडीकडे पळतात. येताच लेकरं किती आहेत ते मोजून कागदावर लिहा. जाताना गठ्ठे मोजता तसंच लेकरंही मोजायला सांगा. पाहुण्यांच्या दोन गाड्या असल्या की प्रत्येकाला वाटतं लेकरू दुसरीत बसलंय.

पिण्याचं पाणी माठातलं, आणि लेकरांसाठी वेगळे छोटे पेले. उन्हातून आल्या आल्या फ्रिजचं बर्फगार पाणी नको. लेकरू मलूल दिसलं, शू झालेली नसली, तोंड कोरडं असलं तर ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्या पाण्यात घालून घोट घोट द्यायला आईला सांगा. दोन पाकिटं गल्ल्यात कायम असू द्या.

६. लेकराला गोळी-चॉकलेट द्यावं का?

आधी आईला विचारून, आणि तिच्याच हातात. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला गोल कडक गोळी, फुटाणे, शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात (प्रश्न १५). राजगिऱ्याच्या वडीचा तुकडा किंवा बिस्किट बरं. उपवास, मधुमेह, ॲलर्जी हे तुम्हाला दिसत नाही, म्हणून विचारणं टाळू नका.

७. लेकरू महाग वस्तूसाठी हट्ट धरतं आणि बापाच्या खिशात तेवढे पैसे नसतात. अशा वेळी आम्ही काय करावं?

बापाच्या बाजूने उभं राहा. सोयाबीनला भाव नसला की दिवाळीत हे चित्र रोज दिसतं. वस्तू दाखवण्याआधीच “दादा, कितीपर्यंत दाखवू?” हे हळू आवाजात विचारून घ्या आणि त्याच्या वरचा माल काढूच नका. लेकराने वरची वस्तू पाहिलीच तर “ती मोठ्या पोरांची आहे, तुझ्या मापाची ही बघ” म्हणून बजेटातल्या दोनच वस्तू पुढे ठेवा. तिसरी नको. दोनांत लेकरू निवडतं, पाचांत गोंधळतं.

“घ्या की, लेकरासाठीच तर कमावता” हे वाक्य दुकानातून हद्दपार करा. त्याने एक विक्री होते आणि बाप पुढच्या वेळी लेकराला आणत नाही, किंवा दुसऱ्या दुकानात जातो. याच कारणाने गल्ल्याजवळ लेकराच्या नजरेसमोर खेळणी टांगणंही आम्हाला पटत नाही. पैसे मोजताना माणूस आधीच अडचणीत असतो.

८. गणवेश आणि बुटांचं माप नेमकं कसं घ्यायचं? जूनमध्ये निम्मा माल परत येतो.

परत येतो कारण माप वयावरून दिलं जातं. ‘आठ वर्षांचा’ म्हटलं तरी दोन लेकरांत एका वितीचा फरक असतो. उंची, छाती आणि कंबर ही तीनही मापं टेपने घ्या. टेपखाली आपली दोन बोटं सरकली पाहिजेत. शर्टाची बाही आणि पँटचा पाय दीड-दोन इंच दुमडून आत घ्यायला सांगा, म्हणजे पुढच्या जूनला उसवून लांब करता येईल. कमरेला आतून बटण-पट्टीचं इलॅस्टिक असलेली पँट दोन वर्षं जाते. खांद्याचं माप मात्र मोठं देऊ नका. बाही दुमडता येते, खांदा उतरला की शर्ट लोंबतो.

बूट घालताना लेकरू उभं हवं, बसलेलं नको, कारण अंगाचा भार आला की पाऊल पसरतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाच्या मापाचा बूट द्या. शाळेचे मोजे घालूनच बघायचं. सगळ्यात लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा राहू द्या. दोन नंबर मोठा बूट ‘पुढच्या वर्षाला होईल’ म्हणून मागितला तर नाही म्हणा. त्यात लेकरू अडखळतं आणि टाच सोलते. संध्याकाळी पाऊल किंचित सुजलेलं असतं, म्हणून सकाळी घेतलेलं घट्ट माप संध्याकाळी चावतं.

९. ट्रायल रूममध्ये लेकरासोबत कोणी जायचं?

फक्त त्याच्या घरचं माणूस. कामगाराने, बाई असो की पुरुष, आत जायचं नाही. माप हवं असेल तर बाहेर, उजेडात, कपड्यांवरून आणि आई-बापासमोर. दहा-बारा वर्षांच्या मुलीचं माप बाईने घ्यावं. बाई नसेल तर टेप आईच्या हातात द्या आणि आकडा तुम्ही लिहा. ट्रायल रूममध्ये किंवा तिच्याकडे तोंड करून कॅमेरा नको. कडी लेकराला आतून लागेल आणि बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी बसवा.

दुकानात कोणी लेकराला वाईट हेतूने हात लावताना दिसलं, मग तो गिऱ्हाईक असो की मालकाचा भाऊ, तर पोलिसांना कळवणं २०१२च्या पोक्सो (लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याने बंधनकारक आहे. ‘आपसात मिटवू’ हा पर्याय उरत नाही.

१०. गादीवर लेकराने शू केली किंवा उलटी झाली तर?

पांढऱ्या चादरीखाली रेक्झिन टाकलेलं असलं की अर्धा प्रश्न सुटतो, आणि दोन जादा चादरी कपाटात हव्यातच. माल लगेच उचला, आईला “होतं असं, लेकरूच आहे” म्हणा आणि चादर गुंडाळा. शूचा डाग आधी गार पाण्यात, मग पावडरमध्ये. गरम पाण्याने वास पक्का होतो. उलटीवर कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाका, दोन मिनिटांनी पुठ्ठ्याने उचला, मग फिनाईलने पुसा. आईला हात-तोंड धुवायची जागा आणि अंगावर पाजायला पडद्याआडचा कोपरा दाखवा. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, तशी एक खुर्ची आणि पडदा दुकानातही सहज बसतो.

११. लेकराने वस्तू फोडली किंवा साडीला डाग पाडला. भरपाई घ्यावी का?

‘फुटल्यास पूर्ण किंमत वसूल’ ही पाटी लावली म्हणून तो कायदा होत नाही. आधी लेकराला लागलंय का ते बघा आणि काचा गोळा करा. मग विचार करा की वस्तू लेकराच्या हाताला लागेल अशा जागी कोणी ठेवली होती. तुमच्या मांडणीची चूक असेल (प्रश्न ३) तर भरपाई मागूच नका. आईने स्वतःहून विचारलं तर खरेदीची किंमत सांगा, विक्रीची नाही, आणि तिने दिली तर पावती द्या. शंभर-दोनशेची वस्तू सोडून द्यावी.

साडीवर तेलकट किंवा काजळाचा हात लागला तर घासू नका. टाल्कम पावडर दाबून अर्धा तास ठेवा आणि मऊ ब्रशने झाडा. रेशमी पैठणीवर पाणी लावायचं नाही, सरळ ड्रायक्लीनला. आइस्क्रीम-कुल्फी हातात घेऊन आलेल्या लेकराला दारातच ओला रुमाल द्या. “खाद्यपदार्थ आणू नये” या पाटीपेक्षा याने जास्त माल वाचतो.

१२. आई-बाप दुकानातच लेकराला मारायला लागतात. मधे पडावं का?

हळूच पडावं. मोठ्या माणसाला उपदेश केला तर राग पुन्हा लेकरावरच निघतो. दोघांच्या मधे काहीतरी आणा: पाण्याचा पेला, स्टूल, “काकू, तुमचं बिल तयार आहे” असं एखादं वाक्य. लेकराला “चल, मला हा गठ्ठा धरायला मदत कर” म्हणून दोन पावलं लांब, पण आईच्या नजरेत ठेवा. मार जिव्हारी लागेल असा असेल, लेकराच्या अंगावर जुने वण दिसत असतील, तर १०९८ ला फोन करा. ही बालकांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.

१३. बाजाराच्या दिवशी ओळखीचं गिऱ्हाईक लेकरू बसवून जातं. नाही कसं म्हणायचं?

आठवडी बाजाराला पिशव्या आणि लेकरू नेहमीच्या दुकानात ठेवून जायची पद्धत जुनी आहे आणि ती माणुसकीची आहे. फक्त तिला बूड द्या. मोबाईल नंबर लिहून घ्या आणि समोरच रिंग देऊन बघा. किती वेळात येणार ते ठरवा. न्यायला दुसरं कोणी येणार असेल तर त्याचं नाव आधीच सांगून ठेवायला लावा. चार वर्षांच्या आतलं लेकरू, आजारी लेकरू आणि दुकानात एकच माणूस असताना, तिन्ही वेळा स्पष्ट नाही म्हणा: “मावशी, मी एकटाय, तेल मोजताना लक्ष राहायचं नाही.” कारण खरं असलं की वाईट वाटत नाही.

१४. गर्दीत लेकरू हरवलं किंवा अनोळखी लेकरू दुकानात रडत आलं तर?

हरवलं असेल तर पहिलं काम दाराचं. एक माणूस दारात उभा करा. आईकडून नाव, वय, कपड्यांचा रंग आणि पायात काय आहे ते विचारा. पायातलं महत्त्वाचं, कारण काउंटरखालून तेवढंच दिसतं. ट्रायल रूम, काउंटरखाली, गठ्ठ्यांमागे, गोदाम, जिना, संडास या क्रमाने बघा. त्याच वेळी दुसरा माणूस शेजारची पाच-सहा दुकानं आणि त्यांची गाडी लावलेली जागा बघेल. दहा मिनिटांत नाही सापडलं तर पोलिसांना ११२ वर फोन. ‘अजून थोडं बघू’ म्हणून तास घालवू नका.

लेकरू सापडलं असेल तर ते जिथे आहे तिथेच, उजेडात, दोन माणसांच्या देखत बसवा. आई तिथेच परत शोधत येते. हात धरून बाजारभर एकट्याने फिरवू नका. मुलं पळवणारे समजून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. अफवेला एक गैरसमज पुरतो. लेकराचं नाव-गाव स्पीकरवरून पुकारू नका. “निळा शर्ट घातलेलं लेकरू सापडलंय, पालकांनी दुकानात यावं” एवढंच पुकारा आणि बाकीची ओळख न्यायला आलेल्या माणसाने सांगायची. नाव, कपडे, मोबाईलमधला एकत्र फोटो, आणि लेकरू त्याला बघून काय करतं, हे सगळं जुळलं तरच द्या. शंका असेल तर ११२ किंवा १०९८.

१५. लेकराच्या घशात काही अडकलं तर डॉक्टर येईपर्यंत काय करायचं?

खोकता येत असेल, रडू येत असेल तर खोकू द्या, पाठ थोपटू नका. आवाज बंद झाला, ओठ काळे-निळे पडले तर लगेच: लेकराला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच जोरदार धक्के. नाही निघालं तर मागून कवळून बेंबीच्या वर मुठीने आत आणि वर असे पाच झटके. आळीपाळीने चालू ठेवा. एक वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही. हातावर पालथं, डोकं खाली ठेवून पाठीवर पाच धक्के, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. दिसत नसताना तोंडात बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. त्याच वेळी दुसऱ्याने रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करायचा.

घड्याळ, खेळणी, रिमोटमधला नाण्यासारखा चपटा सेल गिळला असेल तर लेकरू हसत-खेळत असलं तरी ताबडतोब दवाखाना. उलटी करवू नका, केळी-भात खायला घालू नका. तो सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो.

१६. लेकरू एकटंच सामानाला येतं. पाचशेची नोट, मोबाईलवरून पैसे, उधारी: काय चालतं?

नोट घेताना “पाचशेची दिली बरं का” असं मोठ्याने म्हणा. सामान, भाव आणि परत दिलेले पैसे चिठ्ठीवर लिहा, सुटे पैसे चिठ्ठीत गुंडाळून पिशवीच्या तळाशी टाका. ‘पैसे कमी आले’ ही तक्रार चिठ्ठीने संपते आणि लेकरू घरी मार खात नाही. बापाच्या फोनवरून मोठी रक्कम येत असेल तर फोन करून विचारा.

उधारी घरच्यांनी आधी सांगून ठेवली असेल आणि मर्यादा ठरली असेल तरच, आणि वहीत लेकराचं नाव व तारीख टाकून. अठरा वर्षांच्या आतल्या लेकराशी केलेला करार १८७२च्या करार कायद्यानुसार टिकत नाही, त्यामुळे त्याच्या नावची थकबाकी सहसा वसूल होत नाही. लेकराने घरून न विचारता महाग वस्तू नेली आणि बाप परत घेऊन आला, तर न कुरकुरता पैसे द्या.

१७. “पप्पांनी तंबाखूची पुडी आणायला सांगितली” म्हणणाऱ्या लेकराला द्यायची का?

नाही, चिठ्ठी असली तरी आणि बाप बाहेर गाडीवर बसलेला असला तरी. २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने अठराच्या आतल्यांना विक्री आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विक्री, दोन्हींना बंदी आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे लेकराला तंबाखू किंवा दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गुटख्याला तर राज्यात २०१२ पासूनच बंदी आहे. लेकराला म्हणा, “पप्पांना म्हणावं स्वतः या,” आणि रिकाम्या हाताने पाठवू नका. बाकीचं सामान द्या, म्हणजे त्याला घरी बोलणी बसत नाहीत.

नायलॉन मांजा कोणालाच विकायचा नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली आहे. पंक्चरचं सोल्युशन किंवा थिनर तेच लेकरू वारंवार मागत असेल तर ते हुंगण्यासाठी असतं. देणं बंद करा आणि १०९८ ला सांगा.

१८. “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” ही पाटी चालते का?

माप बदलून देणं ही तुमची सवलत आहे: टॅग शाबूत, न धुतलेला, आठ-पंधरा दिवसांत, असे नियम बिलावर छापा. सदोष मालाला मात्र पाटी लागू नाही. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणं २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा ठरते. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बघूनच माल भरा. १४ वर्षांखालच्या लेकरांच्या खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. डोळा निघणारी बाहुली परत आली तर वाद न घालता घ्या.

१९. लेकराने चोरी केली आणि ती पकडली. पुढे?

हात उगारू नका, अंग झडती घेऊ नका, कोंडू नका. अडकवून ठेवणं हाच गुन्हा होतो. “ते बिल करायचं राहिलं का?” असं विचारा. बहुतेक लेकरं वस्तू ठेवून देतात. घरच्यांना बोलवा आणि आत, एकांतात सांगा. सात वर्षांच्या आतल्या लेकराची कुठलीच कृती कायद्याने गुन्हा ठरत नाही, आणि सात ते बारा या वयात त्याची समज बघावी लागते.

सीसीटीव्हीची क्लिप गावच्या ग्रुपवर टाकणं हा सगळ्यात घातक प्रकार. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा लेकराची ओळख उघड केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुकानदार दंड भरून सुटतो, लेकराची शाळा सुटते.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. पारधी वस्तीवरचं किंवा पालावरचं लेकरू आत आलं की कामगार पाठीमागे उभा राहतो, हे बंद झालं पाहिजे. पिशवी बाहेर ठेवायचा नियम असेल तर तो तहसीलदाराच्या पोरालाही लावा. गणवेशातली दहा-बारा पोरं एकदम आली तर दोन-दोन आत घ्या आणि प्रत्येकाला “काय देऊ?” विचारा. ज्याच्याकडे बघून बोललं, तो सहसा उचलत नाही.

२०. काही लेकरं उजेड-आवाजाने बिथरतात, कान दाबून लोळतात. ते हट्टाचं रडणं नसतं हे कसं ओळखायचं?

हट्टी लेकरू अधूनमधून आईकडे बघतं, काही मिळतंय का ते तपासतं. बिथरलेलं लेकरू कोणाकडेच बघत नाही. गाणी आणि फिरते दिवे बंद करा, गर्दी मागे सारा, स्वतः हात लावू नका. आईला फक्त “काय करू?” विचारा. तिला माहीत असतं. पुढच्या वेळी दुपारी दोन ते चारच्या निवांत वेळेत यायला सांगा, किंवा माल घरी दाखवायला पाठवा.

२१. लेकरांचे फोटो दुकानाच्या रीलमध्ये टाकले तर?

आई-बापाने व्हॉट्सॲपवर ‘चालेल’ असं लिहून दिल्याशिवाय नको, आणि नाव, शाळा, गाव कधीच नको. त्यांनी नंतर काढायला सांगितलं तर त्याच दिवशी काढा.

२२. बाळाच्या दुधाच्या पावडरीवर स्कीम लावली तर जास्त खपेल का?

खपेल, पण बेकायदा आहे. १९९२च्या कायद्याने या पावडरीची जाहिरात, फुकट नमुने, भेटवस्तू या सगळ्याला बंदी आहे. डबा मागितला तर द्या, स्वतःहून पुढे करू नका.

२३. आमचंच लेकरू सुट्टीत काउंटरवर बसतं. शेजाऱ्याचा बारा वर्षांचा पोरगा ‘शिकायला’ ठेवू का?

स्वतःच्या लेकराने शाळेनंतर आणि सुट्टीत घरच्या धंद्यात हातभार लावणं चालतं, काम धोक्याचं नसेल आणि शाळा बुडत नसेल तर. शेजाऱ्याचा चौदाच्या आतला पोरगा ठेवता येत नाही, पगार दिला नाही तरी. ऊसतोडीला गेलेल्या घरातलं लेकरू कोणी ‘जेवूखाऊ घाला, राहील तुमच्याकडं’ म्हणून आणून सोडलं तरी उत्तर तेच. त्याला गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे घेऊन जा आणि हंगामी वसतिगृहाची चौकशी करा.